हब गार होईपर्यंत

"साहेब, हे बेअरिंग समुद्र बघून आलंय," दुकानदार म्हणाला आणि अंगठ्याला लागलेला तांबडा चिखल फडक्याला पुसत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. दुकानदार ज्याला साहेब म्हणाला त्याने जुनं बेअरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं ते मापासाठी, कुणाचं मत मागायला नव्हे. होडीच्या ट्रेलरच्या चाकांत बसणारी, याच मापाची नवी द्या, सोबत रबरी सीलं द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "शक्य नाही," तो म्हणाला. "आमचा ट्रेलर जन्मात तळ्यापलीकडे गेलेला नाही. आता कुठे समुद्रासाठी तयार करतोय." दुकानदाराने नुसती मान वळवली. "गोड्या पाण्याचा गंज वरवर चढतो हो. हे आतून खाल्लंय. ही पांढरी कड बघा ना." "पण ट्रेलर गेलाच नाही तर..." "मग समुद्रच आला असेल तळ्यावर," दुकानदार म्हणाला आणि काउंटरवर रेललेली माणसं हसली. तोही हसला. दुसऱ्याच्या विनोदात सापडलेला माणूस आधी हसून घेतो, अर्थ नंतर रस्त्यात काढतो.

रस्त्यात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की नवी बेअरिंगं आणि ग्रीसचा डबा पिशवीत आहे आणि जुनं मात्र आपल्या मुठीतच आहे. तो लिफ्टांचा तपासनीस होता. लोकांच्या बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचाच त्याला पगार मिळत होता. "दोर नवे आहेत साहेब, गेल्याच वर्षी बदलले," असं कुणी म्हणालं की याचा हात आधी दोराकडे जायचा. तळहात काळा झाल्याशिवाय त्याने कधी दाखल्यावर सही केली नव्हती. सोसायट्यांचे सेक्रेटरी त्याच्या नावाने बोटं मोडत. पण त्याने पास केलेली लिफ्ट कधी पडली नाही हेही तेच सांगत. असा हा माणूस पदपथाच्या कडेला उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि बेअरिंगच्या पांढऱ्या कडेला त्याने जिभेचं टोक लावलं. ग्रीसची तुरट, लोखंडाची कडवट चव आली आणि तिच्या मागून, जरा उशिरा, दुसरी एक. हात धरून चाललेली एक आई आणि तिचं पोर त्याच्याकडे बघत पुढे गेली. खारट होतं. त्याने पुन्हा लावून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसऱ्यांदा तपासावंसं वाटेना.

होडी दोघा भावांनी मिळून घेतली होती, तेव्हा धाकट्याचं लग्न व्हायचं होतं आणि याची मुलगी जेमतेम चालत होती. छोटीशीच होडी, मागे बारकं इंजिन, आणि ती वाहून न्यायला गाडीमागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर. तळं जवळ होतं. समुद्र लांब होता, पण फार लांब नव्हता. सकाळी निघावं आणि दुपारच्या जेवणाआधी पोचावं इतकाच. पण ट्रेलर साध्या लोखंडाचा, वर नुसता रंग. खाऱ्या पाण्यात एकदा बुडाला की संपला. तेव्हा त्याने सांगून टाकलं होतं : आधी ट्रेलर समुद्राच्या लायकीचा करायचा, मग समुद्र. पहिल्यांदा जायचं ते सगळ्यांनी मिळून. बायको हो म्हणाली, धाकटा हो म्हणाला, मुलीने टाळ्या वाजवल्या. आणि मग वर्षं गेली. कधी लिफ्टांचं काम निघालं, कधी जस्ताचा मुलामा देणारा कारखाना सापडेना, कधी सापडला तर चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे आधी बदलावे की नंतर याचा विचार बाकी राहिला. बैल गेला आणि झोपा केला, असं नको, म्हणून तो आधी झोप्याचाच विचार करत बसायचा. धाकट्याने त्याचं नाव 'थांबा' ठेवलं होतं. "वहिनी, आमचा थांबा आला का ऑफिसातून?" असं तो दारातूनच ओरडायचा. "एवढा मोठा थांबा, पण गाडी काही येत नाही."

नाव पडलं ते हबवरून. चाकाच्या मध्यभागी जी गोल वाटी असते, जिच्यात बेअरिंग बसतं, तो हब. ट्रेलर रस्त्याने ओढत आणला की हब तापतो. तसाच तो पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचून घेते. म्हणून पाण्याच्या अलीकडे सपाटीवर थांबायचं, हबवर तळहात ठेवायचा आणि आपल्या हाताइतका गार झाला की मगच उतारावर घ्यायचं. हे त्याने घरातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. मुलगी लहानपणी गंभीर चेहरा करून हबवर हात ठेवायची आणि डॉक्टरासारखी म्हणायची, "अजून ताप आहे." धाकट्याला तेवढा दम कधीच नव्हता. त्याचं मालवाहू व्हॅन चालवण्याचं काम. थांबणं म्हणजे त्याच्या लेखी नुकसान. तरी चाकांचं खातं धाकट्याकडेच होतं, कारण चाकांतलं त्याला कळायचं. दर हंगामाला हा विचारायचा, "हब उघडून बघितलेस ना?" आणि तो म्हणायचा, "बघितले रे दादा." अनोळखी माणसांच्या दोराला हात लावून बघणारा हा, भावाच्या शब्दाला हात लावायचा नाही. पुढे पुढे होडी शेडमधून हलेनाशीच झाली आणि विचारणंही थांबलं.

घरी येऊन तो सरळ शेडमध्ये गेला आणि दुसरं चाक उघडलं. तेच. ग्रीस म्हणून जे होतं ते गेरूच्या काल्यासारखं बोटांना लागलं आणि बेअरिंगचे दोन रोलर हाताबरोबर गळून जमिनीवर घरंगळले. एक रंगाच्या डब्याखाली गेला. तो गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिला. सापडून उपयोग नव्हता, पण डोक्यात जे चाललं होतं त्यापेक्षा शोधणं बरं होतं. ट्रेलर त्याच्याशिवाय घराबाहेर गेला तो एकदाच : ऑफिसने त्याला नव्या लिफ्टांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात पाठवलं होतं, मुलगी तेव्हा दहाएक वर्षांची. वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधून त्याने घरी फोन केला होता आणि बायको म्हणाली होती, भाऊजी आले होते, आज तळ्यावर गेलो होतो सगळे. दमलेला आणि खूश असा तिचा आवाज त्याला अजून आठवत होता, कारण तसा तो क्वचितच लागायचा. "हब गार होईपर्यंत थांबलात ना?" त्याने विचारलं होतं, आणि ती हसली होती. "थांबलो हो!" परत आला तेव्हा मुलीच्या नाकाचं साल निघालेलं होतं आणि जेवताना तिने विचारलं, "बाबा, तळ्याच्या पाण्याला चव का नसते?" धाकट्याला ठसका लागला, बायको हसता हसता पाणी आणायला उठली. आणि तो? सगळ्यात जास्त तोच हसला होता. मग त्याने मुलीला सगळं नीट समजावून सांगितलं होतं : नद्या, खडक, मीठ, बाष्प. ती मान डोलावत ऐकत होती.

हे त्याला आठवलं खरं. पण आठवलेलं सगळंच माणूस मोजमापाला घेत नाही. त्याने त्यातून धाकट्याला तेवढा वेगळा काढला. म्हणजे तळ्यावर सगळे गेले असतील, आणि मग एखाद्या दिवशी हा पठ्ठ्या एकटाच ट्रेलर घेऊन समुद्रावर पळाला असेल. असंच असणार. धाकट्याच्या स्वभावात ते बसतं. रोलर सापडला तेव्हा हे त्याच्या मनात पक्कं झालेलं होतं, आणि पक्कं झाल्यावर राग यायला जागा झाली.

संध्याकाळी धाकटा आला. "काय रे दादा, एवढ्या तातडीने? लिफ्ट कोसळली की काय?" त्याने बेअरिंग उलट्या बादलीवर ठेवलं. धाकट्याने ते उचललं, फिरवायचा प्रयत्न केला, ते फिरलं नाही. मग त्याने घराच्या खिडकीकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"गेलो होतो," धाकटा म्हणाला. "एकदाच. तू ट्रेनिंगला होतास तेव्हा."

"कुणाबरोबर?"

धाकट्याने बेअरिंग परत जागेवर ठेवलं, होतं तसंच, कड वर करून. "एकटाच."

होडी एकट्याने उतरवता येत नाही. एकाने गाडी मागे घ्यायची, दुसऱ्याने पाण्यात उभं राहून दोर धरायचा. नाहीतर होडी आपल्या मनाने निघून जाते. हे त्याला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं, आणि दुसऱ्याला ते माहीत आहे हेही दोघांना माहीत होतं. त्याने विचारलं नाही. एवढा मोठा तपासनीस, पण शाफ्टचं दार न उघडताच त्याने दाखल्यावर सही ठोकली.

"आणि थांबला नाहीस," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"हब गार होईपर्यंत."

"दादा, समोर समुद्र होता रे," धाकटा म्हणाला.

"पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं की. तुझं ठरतं सगळं, दादा. घडत नाही." एवढं बोलून धाकट्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने खाली बसून चाकाचे नट उगाच एका डबीत भरायला घेतले. याला ती मदत नको होती. दर हंगामाला 'बघितले रे दादा' म्हणणारा तो आवाज, आणि प्रत्येक वेळी तो खोटा. एकदा समुद्रावर गेला हे एक वेळ सोडता आलं असतं. पण त्यानंतर वर्षानुवर्षं आपल्या तोंडावर तो हब उघडत राहिला, न उघडता. "आम्ही समुद्रावर जाऊ तेव्हा तू येऊ नकोस," त्याने सांगितलं. धाकटा "बरं" म्हणाला. चहा न घेता निघाला. दारात बायको भेटली, ती हलक्या आवाजात काही बोलली आणि धाकट्याने मान हलवली. वायर ब्रश शोधता शोधता याला ते दिसलं. दिसलं म्हणजे डोळ्यांना दिसलं.

"भाऊजींना एकट्यालाच का शिक्षा?" जेवायला बसल्यावर बायको म्हणाली. "एकटाच गेला होता ना?" त्याने विचारलं. ती वाढत होती. डाव जरा वेळ भांड्यातच राहिला. "हो," ती म्हणाली. मुलीने ताटातून मान वर केली नाही. तिला आता शिकायला बाहेरगावी जायचं होतं. तिच्या जाण्याआधी एकदा, सगळ्यांनी मिळून समुद्र, म्हणून तर त्याने एवढ्या वर्षांनी ट्रेलर खोलायला घेतला होता. सगळ्यांमधून एक गळाला याचं त्याला वाईट वाटत होतं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं. एकाच माणसाने दगा दिलेला असला की घर शाबूत राहतं. त्या माणसावर राग धरता येतो आणि बाकीच्यांबरोबर जेवता येतं.

मग त्याने कामाचा सपाटा लावला. थांबाची गाडी आली, असं धाकटा असता तर म्हणाला असता. सांगाडा सुटा करून कारखान्यात पाठवला. तिथे तो वितळलेल्या जस्तात बुडून राखाडी, फुलाफुलांची चकाकी घेऊन परत आला. त्यावरून त्याने इतक्यांदा हात फिरवला की मुलगी म्हणाली, "बाबा, दृष्ट लागेल." पोकळ नळ्यांना तळाशी त्याने भोकं पाडून घेतली होती, कारण समुद्राचं पाणी कुठून ना कुठून आत शिरतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी, साचून राहिलं की आतून खातं. पाटे नवे, नट-बोल्ट सगळे स्टेनलेसचे, दिवे पाणी न शिरणारे. हबवर आतून ग्रीसचा दाब राखणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या बसवल्या. बेअरिंगमध्ये ग्रीस त्याने स्वतः तळहातावर घेऊन दाबून दाबून भरलं, दुसऱ्या बाजूने फुटून येईपर्यंत. चाकांचं खातं आता त्याच्याकडे आलं होतं. कधी कधी काम करताना त्याला धाकटा दिसायचा : एकटा, पाण्यात गुडघाभर, हातात दोर. पण मग गाडीत कोण आहे, हे चित्रात दिसत नसे. तिथे तो ब्रश जोरात घासायला लागायचा.

निघाले तेव्हा उजाडत होतं. समुद्र दिसला त्या वळणावर बायको ओरडली, "अगंबाई, केवढा हा!" आणि त्याचं मन इतकं भरून आलं की त्याला गाडी हळू करावी लागली. ही एवढ्यासाठी थांबली होती इतकी वर्षं. आपल्यासाठी थांबली होती. आपण फार उशीर केला, पण केलं. होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार थेट पाण्यात जात होता. भरती पूर्ण होती, त्यामुळे त्याचा खालचा भाग बुडालेला होता आणि पाणी सगळीकडे सारखंच करडं, गुळगुळीत. त्याने वर सपाटीवर गाडी थांबवली, उतरून दोन्ही हबांवर हात ठेवला. नवे, चांगले, गरम. "थांबूया," तो म्हणाला. "थांबा!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या आणि तिघंही हसली. वारा होता, हवेला शेवाळाचा वास होता, आणि क्षणभर त्याला वाटलं की धाकट्यालाही आणायला हवं होतं. परत गेल्यावर त्याला फोन करू, असं त्याने ठरवूनही टाकलं.

मुलगी दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून उताराच्या टोकापर्यंत गेली, पाण्याकडे बघितलं आणि तिथूनच हाक मारून म्हणाली, "बाबा, डावीकडून घ्या हं. उजवीकडे खाली काँक्रीट फुटलंय, चाक अडकतं."

त्याने उजवीकडे बघितलं. पाणी होतं. करडं, गुळगुळीत पाणी, त्याखालचं काहीही दिसत नव्हतं. दिसण्यासारखं नव्हतंच. मुलीचं बोलणं तिचं तिलाच ऐकू गेलं असावं. ती वळली, पण वर आली नाही.

"काकाने अडकवलं होतं का?" त्याने विचारलं. सेक्रेटरींना विचारायचा तोच त्याचा आवाज होता.

"हो," ती म्हणाली. "मग आम्ही सगळ्यांनी ढकललं."

"अहो," बायको म्हणाली. ती लाइफ जॅकेटचा पट्टा आवळत होती आणि तो आधीच आवळलेला होता. "मी सांगणार होते."

"कधी?"

"दर वर्षी."

"आणि तो म्हणाला एकटाच गेलो होतो."

"मी म्हटलं होतं भाऊजींना, सगळं अंगावर घेऊ नका. म्हणाले, दादाला एकाचाच राग पुरे आहे, तिघांचा झेपायचा नाही."

त्याला आधी आठवली ती मुलगी. दहा वर्षांची, नाकाचं साल निघालेली, मान डोलावत मिठाबद्दल ऐकून घेणारी. 'बाबांना सांगायचं नाही' हे तिला कुणी शिकवलं असेल, गाडीत परत येताना, की कुणाला शिकवावंच लागलं नसेल? आणि आताच वळणावरचं ते 'केवढा हा'. किती छान ओरडली होती. त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्याची लाजही वाटली, कारण उतारावर दुसरी माणसं आपापल्या होड्या सोडत होती. धाकट्याचा दगा कळला तेव्हा तो रागावू शकला होता. आता रागवायला समोर कुणी उरलंच नव्हतं. तो एका बाजूला होता आणि त्याचं घर दुसऱ्या.

"एवढं काय होतं लपवण्यासारखं?" तो म्हणाला. "चिडलो असतो. दोन दिवसांनी विसरलो असतो."

"चिडण्याची भीती नव्हती हो." बायकोने पट्टा सोडून दिला. "तो दिवस फार छान गेला होता. कसाही सांगितला असता तरी ते तुम्हाला कळलं असतं."

तो ट्रेलरच्या चाकाजवळ जाऊन उकिडवा बसला आणि त्याने हबवर हात ठेवला. हब कोमट झाला होता. मग तीही ऊब गेली. वाऱ्याने धातू गार पडत गेला, तळहातापेक्षा गार, नळाच्या तोटीसारखा. बायको जवळ आली. "झालं का हो गार?" तिने जपून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून गरम आहे."

ओहोटी लागली होती. पाणी उतारावरून थोडं थोडं खाली जात होतं आणि उजवीकडे फुटलेल्या काँक्रीटची कड वर यायला लागली, शेवाळलेली, बरोबर चाक अडकेल अशी. आणखी उशीर झाला तर होडी उतरवायला पाणीच राहणार नव्हतं. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलेलं त्याला पाठीला कळलं. कितीतरी वर्षं त्या अशाच बघत असणार. त्याने हात हलवला नाही. उठावं, हसावं, डावीकडून घ्यावं, असं त्याला वाटत होतं. पण उठता येईना.

मुलगी वर आली. दोर खाली ठेवून त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने आपला हात त्याच्या हाताला लागून हबवर ठेवला. तिला समजलं नाही असं होणं शक्य नव्हतं; बोटं बधिर होतील इतका तो धातू गार होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"हो बाबा," ती म्हणाली. "अजून ताप आहे."

किती सहज म्हणाली. आवाज हलला नाही, हात हलला नाही. इतक्या मायेने म्हणाली, की हबवर त्याचा स्वतःचा हात नसता तर त्याने विश्वास ठेवला असता.